ढब्बू अजून लहान आहे

प्रश्न: आमच्याकडे पाच महिन्यांचा लॅब्रेडॉर आहे, ढब्बू. वजन आत्ताच 19 किलो भरलंय. दिवसभर गुणी असतो, पण संध्याकाळ झाली की अंगात आल्यासारखा घरभर धावतो, हाताला चावतो, सासूबाईंच्या पदराला लोंबकळतो. त्या 72 वर्षांच्या आहेत. मागच्या आठवड्यात त्यानं अंगावर उडी घेतली आणि त्या पडता पडता वाचल्या. फिरायला नेलं की मी त्याला नाही, तोच मला फिरवतो. एक ट्रेनर लावून पाहिला. त्यांनी ओढली की गळा आवळणारी चोक चेन घातली, ढब्बूला उताणं पाडून दाबून धरलं आणि म्हणाले, ‘हा तुमच्यावर राज्य करायला बघतोय, तुम्ही अल्फा व्हा.’ आता त्यांच्या बाइकचा आवाज आला की ढब्बू पलंगाखाली जातो. परवा माझ्या मुलानं (वय 9) त्याच्यासमोरून जेवणाचं भांडं उचललं, तर गुरगुरला. मिस्टर त्याची एनर्जी जिरवायला म्हणून सकाळी स्कूटरबरोबर पळवतात. पेट शॉपमधून हाडांसाठी कॅल्शियमचं सिरप दिलंय. खाण्यात पप्पी फूड, दूध-पोळी, अंडं. सासूबाईंचं म्हणणं, चार रट्टे द्या, सरळ होईल. मला पॉझिटिव्ह ट्रेनिंग (न मारता, बक्षीस देऊन शिकवणं) पटतं, पण घरच्यांना ते लाड वाटतात. महिनाभर बोर्डिंग ट्रेनिंगला, म्हणजे ट्रेनरकडेच राहायला, पाठवू का? आणि गणपतीत ढोल सुरू झाले की थरथरत होता. दिवाळीत काय करायचं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: ताई, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलीत आणि पुढे सगळं घर ती विसरलं. पाच महिने. 19 किलोचं धूड समोर उभं राहिलं की आपण नकळत त्याच्याकडे मोठ्या कुत्र्याची समज मागायला लागतो. पण अंगापिंडानं थोराड असलं तरी आहे ते लेकरूच. त्याचे दुधाचे दात अजून पडतायत आणि हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, पुरती कडक व्हायला तो वर्ष-दीड वर्षाचा व्हावा लागेल. तुमच्या पत्रातल्या सल्लागारांमध्ये मला एकच समान धागा दिसतो, तो म्हणजे घाई. सिरपवाल्यांना हाडांची घाई, मिस्टरांना दमवायची घाई, ट्रेनरला शिस्तीची घाई.

म्हणून आधी तीन गोष्टी आजच बंद करा: चोक चेन, सिरप आणि स्कूटर. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल.

ट्रेनरपासून सुरुवात करते, कारण तिथे नुकसान झालेलं दिसतंय. बाइकचा आवाज ऐकून पलंगाखाली जाणारं पिल्लू घरावर राज्य करायला बघत नाही, ते घाबरलेलं आहे. हे ‘अल्फा’, म्हणजे टोळीचा म्होरक्या, प्रकरण आलं कुठून तेही घरच्यांना सांगा. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर रुडॉल्फ शेंकेल या अभ्यासकानं 1947 मध्ये लिहिलं. कोंडलेले लांडगे वरचढ होण्यासाठी भांडत होते, त्यावरून लांडग्यांची रीतच अशी असते असं जगानं धरून चाललं. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1970 मधल्या आपल्या पुस्तकातून हीच कल्पना सगळीकडे पोचवली. मग त्यांनीच कॅनडाच्या उत्तर टोकाला एल्समिअर बेटावर वर्षानुवर्षं मोकळे लांडगे पाहिले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातली टोळी म्हणजे साधं कुटुंब असतं: आई, बाप आणि त्यांची पिल्लं. तिथे गादीसाठी मारामाऱ्या चालत नाहीत. आपलं ते जुनं पुस्तक छापणं थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागलेला हा माणूस. ज्यानं ही कल्पना पसरवली त्यानंच ती मागे घेऊन पंचवीस वर्षं उलटली, आपल्याकडचे ट्रेनर मात्र अजून पिल्लं उताणी पाडतायत.

यात धोकाही आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या प्राणीवर्तन विभागानं 2009 मध्ये छापून आलेल्या पाहणीत त्यांच्याकडे तक्रारी घेऊन आलेल्या कुत्र्यांच्या मालकांना विचारलं होतं, तुम्ही काय काय करून पाहिलं आणि कुत्र्यानं काय केलं? मारलेल्या किंवा लाथाडलेल्या कुत्र्यांपैकी 43 टक्के उलट अंगावर आले. उताणं पाडून दाबलेल्यांपैकी 31 टक्के. ही आधीच त्रास असलेली कुत्री होती हे खरं, पण सासूबाईंच्या ‘चार रट्ट्यां’चा हिशोब त्यात आला. आज ढब्बू पलंगाखाली जातोय. 35 किलोचा झाल्यावर पलंगाखाली मावणार नाही, तेव्हा तो दुसरा मार्ग शोधेल.

चोक चेनचं तर साधं आहे. रस्त्यात भटकं कुत्रं दिसलं, ढब्बू उत्सुकतेनं पुढे झेपावला, साखळीचा हिसका बसला. त्याच्या डोक्यात नोंद काय होते? ओढायचं नाही, ही होत नाही. कुत्रं दिसलं की गळा दुखतो, ही होते. असं पंधरा-वीस वेळा झालं की दुसरं कुत्रं दिसताच भुंकणारा, अंगावर जाणारा लॅब तयार. मग तेच ट्रेनर म्हणतात, बघा, अग्रेसिव्ह निघाला.

आता गुरगुरण्याबद्दल. तुम्ही पत्रात ते चार गोष्टींमध्ये एक म्हणून लिहिलंय, मला ते सगळ्यात नीट हाताळायला हवं असं वाटतं, कारण घरात नऊ वर्षांचं मूल आहे. पहिली गोष्ट, गुरगुरल्याबद्दल त्याला रागवू नका. गुरगुरणं म्हणजे त्यानं दिलेली सूचना आहे, ‘मला हे नको आहे.’ ही सूचना मार देऊन बंद केली की कुत्रा सुधारत नाही, फक्त न सांगता चावायला शिकतो. दुसरी गोष्ट, जेवताना त्याच्यासमोरून भांडं उचलून ‘मालक कोण’ ते दाखवण्याचा प्रकार पूर्ण बंद. तुमच्या पुढ्यातलं ताट रोज कुणी उचललं तर तुम्हीही चौथ्या दिवशी ताटावर हात धराल.

त्याऐवजी हे करा, आणि पहिले काही आठवडे फक्त मोठ्यांनीच करा. ढब्बू जेवत असताना चार-पाच फुटांवरून जा. जाता जाता त्याच्या भांड्याच्या दिशेनं उकडलेल्या चिकनचा तुकडा टाका आणि न थांबता पुढे निघा. वाकायचं नाही, हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. तुम्ही दिसलात की तो भांड्यातून मान वर काढून आशेनं बघायला लागेल, शेपटी सैल हलेल. ते दिसायला लागलं की थोडं जवळून जा. घाई करू नका. अंग ताठरलं, खाण्याचा वेग अचानक वाढला, मान भांड्यात आणखी खाली गेली, डोळ्याच्या कडेचं पांढरं दिसायला लागलं, तर तुम्ही फार जवळ आलात. एक पाऊल मागच्या अंतरावर जा. तोंडात चप्पल किंवा मोजा असेल तेव्हाही जबडा उघडून ओढायचं नाही. नाकासमोर चिकन धरा, वस्तू आपोआप सुटेल. शक्य असेल तेव्हा ती वस्तू तपासून त्याला परतही द्या. ‘माणसाला दिलं की जातं’ याऐवजी ‘माणसाला दिलं की जास्त मिळतं’ हे त्याला कळू दे. मुलाला एकच नियम: ढब्बू खात असेल किंवा झोपला असेल तर जवळ जायचं नाही. हा नियम मुलासाठी आहे आणि तो पाळला जातोय ना हे बघणं मोठ्यांचं काम. इतकं करूनही गुरगुरणं वाढलं, किंवा त्यानं दात लावले, तर वर्तनाचं काम करणाऱ्या व्हेटला दाखवा.

जाता जाता, त्याची रेबीजची लस झाली आहे ना? तीन महिन्यांचा झाल्यावर ती द्यायची असते. आणि खेळताना का होईना, दात लागून कातडी फाटली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. घरचाच आहे म्हणून हळद लावून सोडून द्यायचं नाही.

संध्याकाळच्या तमाशाची कारणं दोन. एक तर दात. 28 दुधाचे दात जाऊन त्या जागी 42 पक्के दात येणार, हे काम साधारण चौथ्या महिन्यात सुरू होतं आणि सहाव्या-सातव्यापर्यंत चालतं. हिरड्या शिवशिवतात. दुसरं कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही: झोप. या वयाच्या पिल्लाला दिवसात सोळा-अठरा तास झोप लागते. तुमच्या घरात सकाळी स्कूटर, मग कामवाल्या बाई, दुपारी शाळेतून आलेला मुलगा, संध्याकाळी शेजारची मुलं, टीव्ही. त्याला झोपू कोण देतंय? तुम्हाला वाटतं एनर्जी जिरली नाही, प्रत्यक्षात ते रात्री दहाला लग्नाच्या हॉलमध्ये किरकिरणाऱ्या पोरासारखं अतिदमलेलं असतं. त्याला आणखी पळवलं की आणखी चावतं.

म्हणून दुपारी आणि पुन्हा साडेसहाच्या सुमाराला त्याला शांत खोलीत ठेवा. दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं जाळीचं गेट लावा. आत फ्रीझरमध्ये कडक केलेलं जाड गाजर द्या, किंवा स्टीलच्या ताटलीत बिनसाखरेचं दही पसरून गोठवून ठेवा आणि ते चाटू द्या. चाटणं आणि चावणं या दोन्हीनं कुत्रं शांत होतं. गाजर कुरतडताना कुणीतरी नजर ठेवायची. शिजवलेली हाडं अजिबात नकोत, ती फुटून टोकदार होतात. हाताला चावला तर हात झटकू नका, झटकलेला हात त्याला खेळणं वाटतो. हात सैल सोडा, चावायला दोरी किंवा रबरी खेळणं तोंडाशी द्या. तरीही चावतच राहिला तर न बोलता उठून गेटच्या पलीकडे जा. अर्ध्या मिनिटानं परत या. बस. ‘नो, नो, नो’ असं तीन जणांनी तीन कोपऱ्यांतून ओरडणं म्हणजे त्याच्या लेखी सगळे मिळून भुंकताहेत.

सासूबाईंच्या बाबतीत शिकवणं नंतर, आधी बंदोबस्त. त्या पडल्या आणि खुबा मोडला तर या घरात ढब्बूचं काय होईल हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा त्या हॉलमधून ये-जा करतील तेव्हा ढब्बू गेटच्या आत किंवा तुमच्या हातातल्या दोरीवर. यात कमीपणा नाही. पॉझिटिव्ह ट्रेनिंगचं निम्मं काम हेच असतं: चुकायची संधीच कमी द्यायची. एकदा उडी मारून मजा आली की उडी पक्की होते.

मग शिकवा असं. तुम्ही ढब्बूची दोरी धरून उभ्या राहा. सासूबाई खुर्चीत बसलेल्या, हातात वाटी, वाटीत त्याच्याच जेवणातले दाणे. त्याचे चारही पाय जमिनीवर असले की त्यांनी ‘शाब्बास’ म्हणायचं आणि दाणा जमिनीवर टाकायचा. हातात द्यायचा नाही, जमिनीवरच. कारण बक्षीस जिथे मिळतं तिथे कुत्र्याचं लक्ष राहतं, आणि आपल्याला ते खाली हवं आहे. उडी मारायला गेला तर दोरीमुळे तो पोचणार नाही, सासूबाईंनी नुसतं तोंड फिरवायचं. पाय टेकले की पुन्हा शाब्बास, पुन्हा दाणा. दोन मिनिटं, दिवसातून तीनदा. नंतर त्या उभ्या राहून करतील, मग चालत. चार रट्टे द्या म्हणणाऱ्या सासूबाईंनाच हे काम द्या असं मी मुद्दाम म्हणते. कुत्रा आपलं ऐकतो हे पाहण्यात जी गंमत आहे तिच्यापुढे कुठलाही युक्तिवाद टिकत नाही. आठवड्याभरात त्या स्वतःच शेजारणीला सांगतील, आमचा ढब्बू माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाही.

फक्त शब्द सगळ्यांनी एक ठरवा. मिस्टर ‘सिट’, मुलगा ‘डाऊन’, सासूबाई ‘खाली बस बाळा’ म्हणत असतील तर त्यानं काय समजायचं? ‘बस’ ठरवा, फ्रीजवर लिहून ठेवा. आणि एकदाच म्हणा. पाच वेळा ‘बस बस बस’ म्हटलं की पाचव्याला बसायचं असतं असं तो शिकतो.

हे लाड आहेत का? चुकल्यावर गप्प करण्यासाठी बिस्किट देणं म्हणजे लाच. बरोबर केल्यानंतर मिळतं ती मजुरी, आणि ती आपण सगळेच घेतो. या पद्धतीचा बराच भाग समुद्री प्राण्यांच्या प्रशिक्षणातून आला आहे. 1960 च्या दशकात हवाईमध्ये कॅरन प्रायर या बाई शिट्टी आणि मासळी यांवर डॉल्फिन शिकवत होत्या. डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालता येत नाही, ओरडलं तर तो पोहून निघून जातो. तिथे नीट शिकवण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. कुत्र्याच्या गळ्यात साखळी घालता येते, हेच त्याचं दुर्दैव. पुढे सवय पक्की झाली की दर वेळी खाऊ लागत नाही, अधूनमधून दिला तरी चालतो.

शिवाय तुमच्याकडे लॅब आहे, म्हणजे निम्मी लढाई जिंकलेली. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की लॅब्रेडॉरमध्ये साधारण चौघांतल्या एकाच्या जनुकांत एक तुकडाच गायब असतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही आणि खाण्याची हाव वाढते. त्यांच्या ‘मी कालपासून उपाशी आहे’ या चेहऱ्यामागे कधीकधी खरंच काहीतरी असतं. या हावरटपणाचा उपयोग शिकवायला करा. त्याला बळी पडून वाटी भरू नका.

त्यावरून खाणं, आणि इथे मी जरा लांबण लावणार आहे. मोठ्या जातीच्या पिल्लाचं आयुष्यभराचं भलंबुरं याच महिन्यांत भांड्यात ठरतं. सिरप का बंद करायचं? वाढ पुरी झालेल्या कुत्र्याच्या आतड्यात कॅल्शियम जास्त झालं तर ते आत घेणं कमी करण्याची सोय असते. सहा महिन्यांखालच्या पिल्लात ती पुरती तयार नसते. जेवढं घालाल त्यातलं बरंचसं शरीरात जातं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्टला 1985 मध्ये ग्रेट डेन पिल्लांवर हेच तपासलं होतं. जास्त कॅल्शियम खाल्लेल्या पिल्लांच्या हाडांची आणि कूर्चेची वाढ बिघडली. आपल्याकडे गंमत अशी की पिल्लाचे पाय वाकडे दिसले की दुकानदार आणखी एक बाटली देतो. चांगल्या पप्पी फूडमध्ये कॅल्शियम मोजूनच घातलेलं असतं, वर थेंबही नको. फूड मात्र ‘लार्ज ब्रीड पप्पी’ असं लिहिलेलंच घ्या, त्यात कॅल्शियमवर मर्यादा घातलेली असते. कुणी पूर्ण घरचंच खायला घालत असेल, नुसतं चिकन-भात, तर उलटी अडचण होते. त्यात कॅल्शियम फारच कमी पडतं आणि हाडं ठिसूळ होतात. त्यांनी व्हेटकडून मोजून आहार बसवून घ्यावा, अंदाजानं नाही.

दूध-पोळी बंद करा. विष नाही ते, पण पप्पी फूडवर दूध-पोळी म्हणजे नुसती अंगावरची चरबी वाढवणं, आणि दुधानं पुष्कळांचं पोट बिघडतं. अंडं आठवड्यातून दोन-तीनदा उकडून, बक्षिसासाठी तुकडे करून. कांदा, मनुका-द्राक्षं, चॉकलेट कधीच नाही. नाशिकला द्राक्षांच्या मोसमात पेट्या जमिनीवर पडलेल्या असतात म्हणून हे मुद्दाम सांगते, द्राक्षांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. रोजचं खाणं सकाळी वजनकाट्यावर मोजून डब्यात काढा. शिकवण्याचे दाणे त्याच डब्यातून. सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, मग दोन वेळा.

किती घालायचं ते पाकिटापेक्षा बोटांना विचारा. आपला हात सरळ पसरून दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या मागच्या बाजूवरून, पंजाच्या पाठीवरून फिरवा, हाडं सहज लागतात. ढब्बूच्या बरगड्या तशा लागायला हव्यात. तळहातावर फिरवल्यासारखं मऊ लागलं तर खाणं कमी करा, वळलेल्या मुठीच्या उंचवट्यांसारखं टोचलं तर वाढवा. वरून बघितलं तर कमर दिसायला हवी. लोक म्हणतील, अगदीच बारीक ठेवलाय, खायला घालत नाही का? म्हणू द्यात. अमेरिकेत 48 लॅब्रेडॉर घेऊन, त्यांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाहिलं गेलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले: कमी खाणारे साधारण 13 वर्षं जगले, दुसरे 11.2 वर्षं. सांधेही त्यांचेच उशिरा कुरकुरले. सावकाश वाढवल्यानं शेवटची उंची काही कमी होत नाही, ती जनुकांनी ठरवलेली असते, फक्त थोडी उशिरा येते. नाव ढब्बू ठेवलंत ते ठीक, नावापुरतंच राहू द्या.

स्कूटरबद्दल मिस्टरांना सांगा की व्यायाम हवाच आहे, सक्तीचा नको. दोरीला बांधून डांबरावर एका चालीनं पळवलं की थकलं तरी पिल्लाला थांबता येत नाही, वर रस्ता तापलेला असला तर पंजे भाजतात ते वेगळंच. नॉर्वेत मोठ्या जातींच्या पिल्लांचा पाठपुरावा केला तेव्हा दिसलं की अगदी लहानपणी, तीन महिन्यांच्या आत, रोज जिने चढणाऱ्यांत खुब्याच्या सांध्याचा आजार जास्त होता आणि मऊ जमिनीवर मोकळं हुंदडणाऱ्यांत कमी. तेव्हा मैदान शोधा, गवत किंवा माती, लांब दोरी, आणि त्याला त्याच्या मनानं पळू द्या, बसू द्या, हुंगू द्या. हुंगण्यानंही कुत्रं चांगलं दमतं. आणि घरातल्या गुळगुळीत टाइल्स! तुमच्याकडे असणारच. तिथे चौखूर घसरणारा लॅब रोजच सांध्यांना पीळ देत असतो. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंज्या किंवा रबरी मॅट टाका, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. लंगडला, सकाळी उठताना कण्हला, किंवा मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा जिना चढायला लागला, तर व्हेटला दाखवा. नसबंदीचीही घाई नको. वाढ पुरी होईपर्यंत थांबण्याबद्दल त्यांच्याशी बोला.

ओढण्यावर उपाय सोपा आहे, फक्त कंटाळवाणा आहे. छातीवर कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी अंगाभोवती बसणारा पट्टा, घ्या. सुरुवात रस्त्यावर नाही, घरातल्या पॅसेजमध्ये. तो तुमच्या डाव्या मांडीजवळ आला की ‘शाब्बास’, आणि दाणा मांडीच्या शिवणीपाशी द्या. चार पावलं, दाणा. सहा पावलं, दाणा. मग पार्किंग, मग गल्ली. दोरी ताणली गेली की थांबा. तो वळून बघेल, दोरी सैल होईल, चाला. पहिल्या दिवशी गेटपर्यंतही पोचणार नाही. हरकत नाही, त्याला कुठे ऑफिस गाठायचंय? घाईत असाल त्या दिवशी शिकवायला नेऊच नका, नुसतं अंगणात फिरवून आणा. नाहीतर एका सकाळच्या ओढण्यात आठवड्याची मेहनत जाते.

बोर्डिंग ट्रेनिंगला पाठवू नका. ट्रेनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही, आणि बंद फाटकामागे महिनाभर काय चालतं ते तुम्हाला दिसणार नाही. शिवाय तिथे शिकलेलं तिथेच राहतं. सासूबाईंवर उडी मारायची नाही हे सासूबाई नसलेल्या ठिकाणी कसं शिकणार? मदत हवी असेल तर घरी येणारा माणूस शोधा आणि आधी दोनच प्रश्न विचारा: कुत्र्यानं बरोबर केलं तर तुम्ही काय करता? चुकलं तर काय करता? दुसऱ्या उत्तरात साखळी, हिसका, पाणी मारणं, ‘करेक्शन’ असं काही आलं की चहा पाजून निरोप द्या. जुन्या ट्रेनरला पुन्हा बोलावू नका. बाइकच्या आवाजाची भीती मात्र काढायला हवी, आणि तिची रीत ढोल-फटाक्यांसारखीच आहे.

नाशिकचा ढोल माणसाच्याही छातीत घुमतो, ढब्बू थरथरला त्यात नवल नाही. दिवाळीला अजून वेळ आहे तोवर मोबाइलवर फटाक्यांचा आवाज लावा, इतका हळू की त्याचे कान टवकारतील पण तो खात राहील. आवाज सुरू की चिकन सुरू, आवाज बंद की चिकन बंद. पाच मिनिटं. रोज किंचित वाढवा. ज्या पातळीला खायचं थांबवेल ती जास्त झाली, मागे या. बाइकचंही असंच, आधी लांबून. दिवाळीच्या दिवसांत उजेड असतानाच फिरवून आणा आणि जेवण लवकर द्या. घरातली सगळ्यात आतली खोली, खिडक्या बंद, पंखा आणि टीव्ही चालू. पळून गेलाच तर सापडावा म्हणून पट्ट्यावर फोन नंबर. घाबरल्यावर जवळ घेतलं की भीती वाढते असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. तसं काही नसतं, येत असेल तर खुशाल कुशीत घ्या. आणि गणपतीतल्यासारखा पुन्हा थरथरायला लागेल असं वाटत असेल तर व्हेटकडे भीती कमी करणारी औषधं असतात. वसुबारसेच्या संध्याकाळी फोन करण्यापेक्षा तीन आठवडे आधी जा, म्हणजे मात्रा एकदा घरी देऊन बघता येईल. जाल तेव्हा हेही विचारा की हे औषध भीती कमी करतं की नुसती गुंगी आणतं. गुंगीनं अंग ढिलं पडतं, आत भीती तशीच राहते.